माइकआधी प्रश्न ठरवा: कायद्याच्या प्राध्यापकांचा मराठी पॉडकास्ट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही तिघं एका अनुदानित विधी महाविद्यालयात राज्यघटना शिकवता. दोघं कायम, एक जण तासिका तत्त्वावर. घटनेतल्या प्रश्नांवर मराठीत पॉडकास्ट सुरू करायचा आहे. माइक कोणता घ्यावा, भाग किती मिनिटांचा असावा, यूट्यूबवर जावं की नुसता ऑडिओ ठेवावा, न्यायालयाच्या अवमानाचं लचांड मागे लागेल का, आणि प्रायोजक घ्यावा का, हे तुम्हाला हवंय.

उत्तरं देते, पण क्रम बदलून. मी ऑडिओ कार्यक्रमांची निर्मिती करते आणि त्यातले बरेच कायद्याचे शिक्षक घेऊन केलेले आहेत. माइक वाईट म्हणून बंद पडलेला कार्यक्रम मी अजून पाहिलेला नाही. बंद पडतात ते वेगळ्याच कारणांनी. तिघं प्राध्यापक एकमेकांशी बोलत राहतात आणि ऐकणारा दाराबाहेर उभा राहतो. किंवा चौथ्या भागानंतर विषय सुचत नाही, आणि सुचला तर तीनशे पानांचा निकाल वाचायला कोणाकडे वेळ नसतो. तुमच्या प्रश्नात ऐकणारा कोण, हे कुठेच आलेलं नाही, म्हणून आधी तिथेच थांबते.

"सर्वसामान्य मराठी माणूस" असं उत्तर देऊ नका, त्यानं काहीच ठरत नाही. प्रत्यक्षात पहिले ऐकणारे कोण असतील ते सांगते: तुमचे आजी-माजी विद्यार्थी, तालुका न्यायालयातले तरुण वकील, आणि पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये बसलेली एमपीएससीची पोरं. ही पोरं सगळ्यात मोठ्या संख्येनं येतील आणि लगेच म्हणतील, "सर, नोट्सची पीडीएफ द्या." इथे तुम्हाला निर्णय घ्यावा लागेल. त्यांच्यासाठी कार्यक्रम केलात तर तो क्लास होईल. क्लास करणारे आधीच पुष्कळ आहेत आणि ते तुमच्यापेक्षा चांगला क्लास घेतात. माझा सल्ला असा की ऐकणारा म्हणून एखादी पदवीधर, पेपर वाचणारी, पण कायदा न शिकलेली व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवा: बँकेतली अधिकारी, माध्यमिक शाळेतले शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी. एमपीएससीवाले तरीही ऐकतीलच.

आता विषयांचं. अमेरिकेत कायद्याच्या प्राध्यापकांचे असे पॉडकास्ट चांगले चालतात, आणि आपल्याकडे काढू पाहणारे बहुतेक जण तोच साचा उचलतात: या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयानं काय केलं. तो साचा तिथे बसतो, कारण तिथे नऊ न्यायाधीश एकत्र बसतात, ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सत्र सुरू होतं, जूनच्या शेवटापर्यंत निकाल येतात, आणि तोंडी युक्तिवाद होणारी प्रकरणं वर्षाला साठच्या आसपास असतात. युक्तिवादाचं ध्वनिमुद्रणही न्यायालयच लोकांसाठी खुलं करतं. म्हणजे कार्यक्रमाचं वेळापत्रक न्यायालयानंच आखून दिलेलं असतं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाची मंजूर न्यायाधीश संख्या ३४. बसतात ते बहुतेक वेळा दोघा-तिघांच्या खंडपीठांत. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३)प्रमाणे किमान पाच न्यायाधीश लागतात, आणि असं घटनापीठ अधूनमधूनच बसतं. त्यामुळे "या आठवड्याचा निकाल" असा कार्यक्रम काढलात तर महिनाभरात तुम्ही निवृत्तिवेतनाच्या आणि जामिनाच्या आदेशांवर बोलू लागाल. आणि खरोखर मोठा निकाल आला त्या संध्याकाळी वाहिन्यांवर चर्चा झालेली असेल, तुमचं मात्र वाचनच चालू असेल. प्राध्यापकांनी या शर्यतीत उतरू नये. तुमचं बळ सावकाश वाचण्यात आहे.

म्हणून भाग निकालाभोवती न बांधता प्रश्नाभोवती बांधा. प्रश्न असा हवा की कायदा न शिकलेला माणूस तो जेवताना घरच्यांना विचारू शकेल. महाराष्ट्रात त्यांची वाण नाही. पक्ष फुटला तर आमदार नक्की कोणाचे? आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा घटनेत कुठे लिहिली आहे? (लिहिलेली नाही, ती १९९२च्या इंद्रा साहनी निकालात घट्ट झाली आणि २०२१मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा तिच्यावरच अडला.) ओबीसी आरक्षणासाठी न्यायालयानं घातलेल्या तीन अटींवरून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका का अडकून पडल्या? अनुच्छेद ३७१(२)खाली आलेल्या विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली, त्यानं कोणाचं काय अडलं? गोव्यातले ऐकणारे मिळाले तर पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यावर एक भाग आयताच होतो.

केशवानंद भारतीपासून सुरुवात करायचा मोह तिघांनाही होणार आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते. करू नका. १९७३चा तो निकाल तेरा न्यायाधीशांचा, सात विरुद्ध सहा, त्यात अकरा स्वतंत्र निकालपत्रं, सुनावणी ६८ दिवस. मूलभूत चौकटीचं तत्त्व, म्हणजे घटनादुरुस्ती करूनही संसदेला घटनेचा गाभा मोडता येत नाही हा नियम, नेमकं कोणत्या ओळीतून निघतं यावर तुमचंच एकमत नसेल. ऐकणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसला की पाचव्या-सहाव्या भागात तो घ्या, आणि तेव्हासुद्धा तत्त्वापासून सुरू करू नका. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या जमिनीपासून सुरू करा. जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध गेलेल्या मठाधिपतींच्या नावावर संसदेच्या अधिकाराची मर्यादा कशी ठरली, आणि मूळ जमिनीचं काय झालं, हे ऐकायला माणूस थांबतो. शिवाय दोन्ही बाजूंचे वकील, पालखीवाला आणि सीरवाई, मुंबईचे. मराठी श्रोत्याला तो धागा आवडतो.

एक भाग कसा बांधायचा ते उदाहरणानं सांगते. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, १९८५. हे प्रकरण तुम्ही वर्गात शिकवता ते बहुधा एका वाक्यात: जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, अनुच्छेद २१. वर्गात तेवढं चालतं, कार्यक्रमात हे वाक्य पहिल्या मिनिटाला आलं तर उरलेल्या एकोणतीस मिनिटांत सांगायला काही उरत नाही.

मी ते असं बांधेन. जुलै १९८१, मुंबईत पावसाळा. मुख्यमंत्री अंतुले जाहीर करतात की फुटपाथवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडायचं. झोपड्या पाडायला सुरुवात होते. काही रहिवासी आणि ओल्गा टेलिस यांच्यासारखे पत्रकार न्यायालयात जातात. इथे तुमच्यातला एक जण थांबून प्रश्न टाकतो: फुटपाथवर झोपडी बांधायचा हक्क यांनी मागितला होता का? आणि गंमत अशी की उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूनं उलट कबुली दिली गेली होती की असा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, पावसाळ्यानंतर पाडकामाला आडवे येणार नाही. सर्वोच्च न्यायालयात सरकारी बाजूनं हीच कबुली पुढे केली. न्यायालय म्हणालं, मूलभूत हक्क कबुलीनं सोडून देता येत नाहीत. आता ऐकणारा सावरून बसतो, कारण हे त्याला माहीत नव्हतं. आणि तुमच्या विद्यार्थ्यांपैकीही बहुतेकांना माहीत नसतं.

मग उपजीविकेचं तत्त्व येऊ द्या. आणि त्याला लागूनच निकालाचा दुसरा अर्धा भाग, जो पाठ्यपुस्तकांत आक्रसून जातो. नोटीस न देता अतिक्रमण काढायचा आयुक्तांचा अधिकार देणारं मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३१४ न्यायालयानं वैध ठरवलं, मात्र एरवी म्हणणं ऐकून घ्यायला हवं असा त्याचा अर्थ लावला. १९७६च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं, पण ती देणं ही हटवण्याची पूर्वअट ठेवली नाही. ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत हटवू नका म्हणाले. म्हणजे हक्क मिळाला आणि झोपडी गेली. आता कार्यक्रम सुरू होतो: हा विजय होता का? तुमच्यापैकी एक म्हणेल, पुढच्या कित्येक प्रकरणांना या निकालानं दार उघडून दिलं. दुसरा म्हणेल, ज्यांचं प्रकरण होतं त्यांच्या हातात काय पडलं ते सांगा. दोघंही बरोबर असू शकतात. हा मतभेद सांभाळून बारा-पंधरा मिनिटं चालवता आला तर भाग झाला.

इथे माझा सगळ्यात ठाम आग्रह आहे. मतभेद खरा हवा आणि तो आधी ठरलेला हवा. संवाद लिहून आणायचे नाहीत, पण ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी अर्ध्या तासाच्या फोनवर एवढं नक्की करा की कोण कुठे असहमत आहे आणि नेमकं कशावर. प्राध्यापक एकमेकांशी सभ्यपणानं वागतात. माइकसमोर तर जास्तच. "सरांनी अगदी योग्य मुद्दा मांडला, त्यात मी एवढीच भर घालेन" हे वाक्य मी इतक्या वेळा कापलंय की ते आता संपादनाच्या पडद्यावर आवाजाच्या लाटेच्या आकारावरून ओळखू येतं. तिघंही एकाच मताचे असाल तर तो विषय सोडून द्या किंवा वेगळं मत असलेला पाहुणा बोलवा.

आणि तिघांपैकी एकानं खुर्ची बदलावी. दर भागात एक जण प्राध्यापक नसेल, तो ऐकणाऱ्याच्या वतीनं अडवणारा असेल. "थांबा, खंडपीठ आणि घटनापीठ यांत फरक काय?" असं विचारायला त्याला लाज वाटता कामा नये. जमलं तर या कामाला कायद्याबाहेरचाच माणूस घ्या, समजा मराठी विभागातली सहकारी. मी तेच पसंत करते, कारण प्राध्यापक भोळा प्रश्न विचारताना त्यातच उत्तर घालून टाकतो.

भाषेबद्दल फार बाऊ करू नका. शासनाच्या मराठी संविधानात आणि भाषा संचालनालयाच्या न्याय व्यवहार कोशात शब्द आहेत, ते वापरा. पहिल्यांदा आला की एका वाक्यात फोड करा आणि पुढे जा. इंग्रजी शब्द तोंडात आला म्हणून पुन्हा ध्वनिमुद्रण करायची गरज नाही. आकड्यांवर मात्र कडक राहा: एका भागात लक्षात ठेवायला लावायचा अनुच्छेद एकच. बाकीचे वर्णनात टाका.

तयारीसाठी साधनं फुकट आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद यंत्राच्या मदतीनं झालेले असतात, म्हणून इंग्रजी मूळ शेजारी ठेवून वाचा. संविधान सभेतल्या चर्चा पूर्ण उपलब्ध आहेत आणि मराठी पॉडकास्टसाठी ती मला अजून फारशी कोणी न वापरलेली खाण वाटते. ९ डिसेंबर १९४८ला डॉ. आंबेडकर आजच्या अनुच्छेद ३२ला (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क) घटनेचा आत्मा आणि हृदय म्हणाले, हे वाक्य सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी सभागृहात त्या तरतुदीवर आक्षेप कोणते होते, हे किती जणांना माहीत असतं? दर भागाला विद्यार्थ्याकडून एक पानाचा घटनाक्रम आणि पात्रांची यादी करून घ्या. एकच पान. दहा पानी टिपण दिलं की तुम्ही ते वाचून दाखवायला लागता.

आता अवमान आणि बाकीची भीती. इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, ते आधी सांगते. शासकीय महाविद्यालयात असता तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ थेट लागू झाले असते आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करताना बराच विचार करावा लागला असता. अनुदानित खासगी महाविद्यालयात विद्यापीठाचे परिनियम आणि संस्थेची नेमणुकीची पत्रं बघावी लागतात. ती काढून वाचा, तुम्ही कायदाच शिकवता. प्राचार्यांना लेखी कळवा. महाविद्यालयाचं नाव आणि बोधचिन्ह वापरायचं की स्वतःच्या नावावर करायचं, हे त्याच वेळी ठरवा. बोधचिन्ह घेतलंत तर सभागृह आणि ग्रंथालय मिळेल, पण विषय कोणते घ्यायचे यात व्यवस्थापनाचा शब्द येणार. मी स्वतःच्या नावावर करा असं म्हणेन. महाविद्यालयाची परवानगी हवी ती जागेपुरती घ्या.

तासिका तत्त्वावरच्या तुमच्या सहकारी प्राध्यापिकेचा धोका तुमच्या दोघांसारखा नाही. पुढच्या जूनला त्यांना बोलावलं नाही तर कारण कोणी लिहून देणार नाही. सत्ताधाऱ्यांना झोंबणारे विषय त्यांच्या तोंडी देऊ नका. त्यांना काय बोलायचंय हे त्यांनीच ठरवू दे, आणि एखाद्या भागाला त्या नाहीत तर त्याचं स्पष्टीकरण देत बसू नका. त्या वकिलीही करत असतील (वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं) तर बार कौन्सिलच्या नियम ३६मधली जाहिरातबंदी लक्षात ठेवा: भागाच्या वर्णनात फोन नंबर नको, "सल्ल्यासाठी संपर्क" नको, आणि स्वतः ज्यात उभ्या आहेत त्या प्रकरणावर शब्दही नको.

अवमानाबद्दल लोकांना २०२० आठवतं, ट्वीटबद्दल अवमानाचे दोषी ठरलेले वकील प्रशांत भूषण आणि एक रुपयाचा दंड, आणि मग ते गप्प बसतात. इतकं घाबरायचं कारण नाही. अवमान अधिनियम, १९७१चं कलम ५ स्पष्ट आहे: सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर रास्त टीका हा अवमान नव्हे. तुमचे बहुतेक भाग त्यातच बसतील. काळजी दोन जागी. प्रलंबित प्रकरणावर बोलताना दोन्ही बाजूंचे युक्तिवाद समजावा, पण न्यायमूर्तींची नावं घेऊन कोण कुठे झुकेल याचे अंदाज बांधू नका. आणि निकालपत्रातल्या कारणांवर हवी तेवढी कठोर टीका करा, हेतूवर करू नका. "न्यायालयानं या पुराव्याचा विचार केला नाही" हे वाक्य ठेवते; "न्यायालयाला विचार करायचाच नव्हता" हे मी कापते. संपादनात माझी कात्री बहुतेक वेळा याच रेषेवर चालते.

विचित्र वाटेल, पण धोका बोलण्यापेक्षा शीर्षकात जास्त असतो. आत चाळीस मिनिटं संयमानं चर्चा करायची आणि यूट्यूबचं चित्र बनवणाऱ्या उत्साही विद्यार्थ्यानं वर लाल अक्षरांत "कोर्टानं लोकशाहीचा गळा घोटला?" असं लिहायचं, हे होतं. शीर्षक आणि चित्र तिघांपैकी एकानं बघितल्याशिवाय वर जाता कामा नये. फॉरवर्ड होणाऱ्या तुकड्यांनाही हाच नियम. बदनामीचा कायदा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये उभा आहे, आणि पक्षांतरबंदीसारखा विषय घेतलात की जिवंत राजकारण्यांची नावं येणारच. तिथे मी एक युक्ती करते: पहिली दहा मिनिटं एकाही पक्षाचं नाव न घेता नियम समजावायचा. घटनेतली पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ची, एक तृतीयांश फुटीची सवलत २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं गेली, अपात्रता आधी विधानसभा अध्यक्ष ठरवतात. नियम पक्का झाला की मग शिवसेनेच्या फुटीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा ११ मे २०२३चा निकाल: राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक ठरवलं, पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन गेले म्हणून त्यांना परत आणता येणार नाही, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे. या क्रमानं सांगितलं की दोन्ही बाजूंचे श्रोते शेवटपर्यंत टिकतात. उलट क्रमानं सांगितलं की पहिल्या मिनिटालाच अर्धे उठून जातात.

तुम्ही मागितलेलं नाही तरी एक सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२पासून थेट दिसतात, आणि त्यातले तुकडे कार्यक्रमात लावायची कल्पना कोणाला तरी सुचणार. थेट प्रक्षेपणाच्या नियमांत परवानगीशिवाय पुनर्वापराला मनाई असते, लावू नका. निकालपत्रातला उतारा आपल्या आवाजात वाचायला मात्र हरकत नाही: प्रताधिकार अधिनियमाचं कलम ५२ ती मुभा देतं. फक्त उतारा अधिकृत प्रतीतून घ्या. निकाल छापणाऱ्या खासगी वृत्तमालिकांनी जोडलेल्या शीर्षटिपा (निकालाच्या वर दिलेला सारांश) त्यांच्या मालकीच्या असतात, हे २००७मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात ठरलं आहे.

आणि ऐकणारे वैयक्तिक प्रश्न पाठवतीलच. ओल्गा टेलिसच्या भागानंतर "आमच्या चाळीला नोटीस आली आहे, काय करू?" असं कोणीतरी विचारणार. कार्यक्रमात त्यावर सल्ला देऊ नका. त्या प्रश्नामागचा सर्वसाधारण नियम पुढच्या भागात सांगा आणि त्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. ते त्याच्या खरोखर उपयोगाचं असतं.

आता आवाज, ज्यापासून तुम्ही सुरुवात केली होती. कंडेन्सर माइक घेऊ नका, तो खोलीतलं सगळं ऐकतो. प्रत्येकाला एक डायनॅमिक माइक (तो मुख्यतः जवळचाच आवाज पकडतो), तोंडापासून मुठीच्या अंतरावर, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. यूएसबीवर चालणारे बरे माइक आता काही हजारांत मिळतात. तीन माइक एका लॅपटॉपला जोडायचा खटाटोप करण्यापेक्षा चार इनपुटचा छोटा रेकॉर्डर परवडतो. माइकपेक्षा खोली महत्त्वाची. वर्गखोली आणि सभागृह घुमतं. तुमच्या महाविद्यालयात उत्तम स्टुडिओ आधीच आहे: ग्रंथालयात निकालांच्या जुन्या खंडांच्या दोन मांडण्यांमधली जागा. पुस्तकं आवाज शोषतात. पंखा बंद, ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर तीही बंद, मोबाइल विमान मोडवर, आणि सुरुवातीला सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करायचा. संपादनात तो लागतो. गणेशोत्सवाच्या दिवसांत तारीखच ठेवू नका.

पाहुणा दुसऱ्या गावाहून बोलत असेल तर व्हिडिओ कॉलचा आवाज वापरू नका, तो दाबलेला असतो. त्यांना त्यांच्याच फोनवर स्वतःचा आवाज मुद्रित करून पाठवायला सांगा. मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, पुरतो. अंतिम पातळी उणे १६ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवा. ६४ केबीपीएस मोनोमध्ये अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबी होतो, म्हणजे गावाकडच्या नेटवरही उतरतो.

लांबी: तीस ते पस्तीस मिनिटं. ध्वनिमुद्रण पन्नास मिनिटांचं करा आणि कापा. कापताना पहिल्यांदा सुरुवात जाते, कारण प्राध्यापक "हा विषय अत्यंत व्यापक आहे" इथून निघतात आणि खरा मुद्दा आठव्या मिनिटाला येतो. ऐकून दाखवल्यावर तिघांनाही आणखी खुलासे जोडायचे असतात. नियम असा ठेवा की तथ्याची चूक असेल तरच बदल, तोही दोन दिवसांत.

यूट्यूब की ऑडिओ, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही. आपल्याकडे "पॉडकास्ट" म्हटलं की लोक यूट्यूबच उघडतात, आणि ऑडिओ होस्टिंगवरून एकदा आरएसएस फीड (नवे भाग ॲपना कळवणारी दुव्याची यादी) निघाली की बाकी ॲपवर आपोआप जातं. कॅमेऱ्यासाठी मात्र खोली बदलू नका; आवाज चांगला असेल तर एका जागी ठेवलेला साधा कॅमेरा चालतो. सगळी खाती तिघांच्या सामायिक ईमेलवर उघडा, विद्यार्थ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नको. तो एलएलएम करायला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

आठ भागांचा एक हंगाम ठरवा, चार तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका, आणि परीक्षांच्या तारखा बघून वेळापत्रक लावा. संविधान दिनी, २६ नोव्हेंबरला, सुरुवात करावी असं सगळ्यांनाच वाटतं. त्या दिवशी प्रत्येक संस्था उद्देशिकेचं चित्र टाकत असते, त्यात तुमचं कोणाला दिसणार नाही. पंधरा दिवस आधी किंवा नंतर या.

त्याआधी ओल्गा टेलिसचाच एक चाचणी भाग करा आणि कायद्याबाहेरच्या चार-पाच जणांना ऐकवा. "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे छान म्हणतात. "कितव्या मिनिटाला फोन हातात घेतलात?" असं विचारा आणि त्या मिनिटाला काय चाललं होतं ते ऐका.

पैशांचं. पहिला हंगाम स्वखर्चानं करा. माइक सोडले तर खर्च संपादकाचा आहे, आणि तो विद्यार्थी असला तरी त्याला मानधन द्या. प्रायोजक आलाच तर स्पर्धा परीक्षांचे क्लास, राजकीय नेत्यांच्या संस्था आणि वकिलांच्या फर्म या तिन्हींना नाही म्हणा. क्लासवाल्यांना नोट्स हव्या असतात, नेत्यांना पाहुण्यांच्या यादीत माणूस हवा असतो, आणि फर्मचं प्रकरण उद्या तुमच्याच एखाद्या भागाचा विषय असू शकतं. कायद्याची पुस्तकं छापणारा प्रकाशक चालेल, पण त्याच्याकडे तुमच्यापैकी कोणाचं पुस्तक असेल तर ते भागात सांगून टाका.